गाभण बैल

१

सात नंबरचा बैल गाभण निघाला तो मंगळवार होता, आणि पोळा शुक्रवारी.

अनमने पट्टी खिडकीच्या उजेडात धरून पाहिली. दोन रेघा. गाय गाभण आहे की नाही एवढंच ती पट्टी सांगते. बैलाच्या रक्तावर ती कोणी लावायला जात नाही. अनमने दुसरी पट्टी फोडली, सात नंबरच्या नळीतलं रक्तावरचं पिवळं पाणी तिच्यावर टाकलं आणि घड्याळाकडे बघत बसली. पुन्हा दोन रेघा. आता बैल गाभण राहत नाही, हे कळायला काही प्रयोगशाळेत नोकरी करावी लागत नाही.

वाशिमातल्या त्या दोन खोल्यांत एकच काम चालायचं. लंपीचा विषाणू जनावराच्या अंगात शिरला की ताप चढायला, गाठी यायला आठवडा जातो, कधी दोन जातात. तोवर जनावर खातं, पितं, कामाला जातं आणि मालक निर्धास्त असतो. पण रक्ताला आधीच चाहूल लागलेली असते. मायक्रोआरएनए नावाचे बारीक तुकडे रक्तात फिरत असतात. विषाणू आत आला की त्यातले काही वाढतात, काही घटतात. पाहुणा दिसायच्या आधीच चुलीवर चहाचं पाणी वाढवावं, तसं. ते तुकडे मोजून आजार आधीच ओळखता येतो का, हे प्रकल्पाला तपासायचं होतं. मोजायचं काम अनमचं.

अकरा दिवसांमागे, शुक्रवारी, मालेगाव तालुक्यातल्या किन्हीराजाहून दहा जनावरांचं रक्त आलं. नऊ नळ्या साफ होत्या. सातवीतले तुकडे वाढलेले होते. सातवी म्हणजे मनकर्णाबाईंचा कोसा, एका शिंगाचा पांढरा बैल. अनमने सोमवारी रिपोर्ट दिला, त्याच दिवशी कोसाला गावाबाहेर शेतातल्या छपरात एकटं बांधलं. आणि आठ दिवस तो बैल मजेत कडबा खात होता. ताप नाही, गाठ नाही, साधं नाकसुद्धा वाहिलं नाही. प्रकल्पाच्या मोठ्या सरांनी काल गावाला फोन करून सांगून टाकलं की रिपोर्टात चूक झाली, बैल घरी आणा, पोळा नेहमीसारखा करा. अनमला ते रागावलेसुद्धा नाहीत. तुझ्या हातून नळ्या बदलल्या असतील, होतं असं, एवढंच म्हणाले, आणि तेच तिला जास्त लागलं.

म्हणून ती सकाळपासून स्वतःची चूक शोधत बसली होती. चूक सापडली नाही. सापडला एक भलताच तुकडा, जो बहुधा गाभण गाईंच्या रक्तात वाढतो आणि म्हणून ती एरवी त्याच्याकडे बघतच नसे. सात नंबरला तो चांगलाच वाढला होता. तेव्हा तिने पट्टी काढली.

म्हणजे नळी खरी होती आणि आजारही खरा होता. फक्त रक्त कोसाचं नव्हतं. ज्या कुणा गाईचं होतं ती अकरा दिवस किन्हीराजात मोकळी होती, आणि शुक्रवारी संध्याकाळी गावातल्या एकशे चाळीस जोड्या एका तोरणाखाली खांद्याला खांदा लावून उभ्या राहणार होत्या.

२

अनमने किन्हीराजाच्या गुरांच्या दवाखान्यातल्या डॉ. वर्षाराणींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "अनम, तोरण थांबवायला मला कागद लागतो. बैल गाभण आहे असा कागद घेऊन मी गावासमोर गेले तर लोक मलाच खुंट्याला बांधतील. गाय शोधून दे."

बुधवारी सकाळी ती मालेगावात अब्बांच्या दुकानी थांबून पुढे गेली. फय्याजमियांचं दुकान म्हणजे एरवी दोरदोरखंड, पण पोळ्याच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसे. लाल-पिवळे गोंडे, कवड्यांच्या माळा, घुंगरं, झुली, वेसणी. तालुक्यातल्या कुठल्या घरी कसले बैल आहेत हे त्यांना शिंगांच्या मापावरून पाठ होतं. लेकीचा चेहरा बघून त्यांनी चहा सांगितला आणि तिला हसवायला म्हणून गिऱ्हाइकांच्या तऱ्हा सांगू लागले.

"ते तुही मनकर्णाबाई हाय ना किन्हीराजाची," ते म्हणाले, "बडी अजीब बाई, बेटा. सगळे नवी वेसण नेतात, तिनं नुसत्या सुताच्या मोरक्या नेल्या. गोंडे मात्र चार नेले. तीन लाल, एक हिरवा. हिरवा गोंडा बैलाले कोण बांधते? मी म्हनलं आजी, काहून? तर हासली न् चालली गेली."

अनमने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. तिच्या डोक्यात नळ्या होत्या.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्या दिवसाचा हिशोब मांडला. नमुने त्या स्वतः काढत होत्या. दहा घरं, घरटी एक जनावर. मानेवरचे केस कापायचे, सुई लावायची, नळीवर नंबर टाकायचा. सहा झाले आणि शेजारच्या गावात एक गाय अडल्याचा फोन आला. त्या गेल्या. उरलेली चार कंपाउंडर देवमन यांनी काढली. तीस वर्षं झाली त्यांना या कामात. परत येऊन बाईंनी डबा बंद केला, चिकटपट्टी लावून वर सही केली. गाडी उशिरा येणार होती म्हणून डबा दोन तास गावातल्या दौलतसिंगांच्या फ्रिजमध्ये ठेवला.

दवाखान्याच्या कृत्रिम रेतनाच्या वहीत गावातल्या गाभण गाई तीन होत्या. तिघींचंही रक्त अनमने मंगळवारी दुपारीच मागवून रात्रीपर्यंत तपासलं होतं. तिन्ही साफ होत्या. त्यातली एक दौलतसिंगांची.

"आणि कोसा आजारी ठरला तर पोळ्याचा मान कुणाला जातो, माहीत आहे ना?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

अनमला माहीत नव्हतं.

"दौलतसिंगांना."

३

किन्हीराजाच्या पोळ्यात पहिली जोडी मनकर्णाबाईंच्या घरची. सासऱ्यांपासून तसं चालत आलेलं. ती जोडी तोरणाखाली आली की झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, सुरू होतात, आणि मानकऱ्याने तोरण तोडलं की पोळा फुटतो. नवरा गेल्यावर मनकर्णाबाईंनी शेतीही सोडली नाही आणि मानही. दुसऱ्या नंबरची जोडी दौलतसिंगांची. बारा वर्षं ते दुसऱ्या नंबरवर उभे होते आणि तेवढीच वर्षं कुरकुरत होते.

अनम त्यांच्या ओट्यावर जाऊन बसली. शहरातली एक मुलगी गावातल्या बड्या माणसाला तुम्ही रक्त बदललं का म्हणून विचारणार, हे काही सोपं नाही. पण दौलतसिंगांनी तिचं काम सोपं केलं. विचारायच्या आधीच ते बोलले.

"मान पायजे मले. हाव. लपवत नाई मी. पन त्या म्हातारीचा बैल बिमार पाडून नोको. अशानं मिळाला त लोक तोंडावर हसतीन."

त्यांनी फ्रिज दाखवला, गाय दाखवली. गाय धडधाकट होती, मानेवर कालच्या सुईसाठी कापलेला केसांचा चौकोन स्पष्ट दिसत होता. अनम बघत राहिली आणि तिला आठवलं की डब्यावरची सहीची चिकटपट्टी वाशिममध्ये तिने स्वतःच्या हाताने कापली होती. पट्टी अखंड होती. म्हणजे जे काय झालं ते डबा बंद व्हायच्या आधी झालं.

दौलतसिंग सुटले. पण आता उरले ते देवमन.

४

देवमन भला माणूस. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, गावातल्या निम्म्या वासरांना त्यांनीच या जगात ओढून काढलेलं. त्यांनी अनमला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि डोळे मात्र दिले नाहीत. सात नंबर कुणाचं, या प्रश्नावर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं: कोसाचं. कुठून काढलं? मानेवरून, डाव्या बाजूनं. केस कापले होते? कापले. तुम्हाला पक्कं आठवतं? मग ते चिडले आणि म्हणाले की तीस वर्षांत त्यांना असं कोणी विचारलं नाही.

अनम उठली आणि सरळ शेतात गेली. चिखलाची वाट, तूर कमरेएवढी. घरी न्यायला अजून कुणी आलेलं नव्हतं; छपरात कोसा उभा होता. मोठा देखणा बैल, पण उजवं शिंग बुडापासून गेलेलं. तो तिच्याकडे बघून फुरफुरला तशी ती चार पावलं मागे सरली. नळीतल्या बैलांशीच तिची ओळख, खऱ्या बैलाशी कधी गाठ पडली नव्हती. धीर करून ती पुढे झाली. डाव्या मानेवरून हात फिरवला, मग उजव्या. पांढरे केस सलग, गुळगुळीत, कुठे तुटलेले नाहीत. बाकीच्या नऊ जनावरांच्या मानेवर कापलेला चौकोन अजून दिसत होता. दौलतसिंगांकडे, शेजारच्या गोठ्यात, सगळीकडे तिने तो येता येता पाहिला होता.

कोसाला सुई लागलीच नव्हती.

आणि त्याच्या नाकात वेसण नव्हती. वेसण ओवायची भोकं होती, पण ती रिकामी, आणि तोंडावर अब्बांच्या दुकानातली मऊ सुताची नवी मोरकी.

५

छपराबाहेर बांधावर बसून अनमने डोकं दोन्ही हातांत धरलं. उद्या गुरुवार, बैलांचे खांदे हळदलोण्याने मळायची खांदमळणी. परवा तोरण. तिला भीती वाटत होती आणि ती भीती तिने स्वतःशी कबूल केली. मग ती नळीवर काम करते तसं करू लागली. एक गोष्ट घ्यायची, तिचं काय होतं ते बघायचं, मग दुसरी.

रक्त बदलणाऱ्याला कोसा आजारी ठरवायचा होता, असं धरून चाललं तर काय होतं? त्याला आजारी गाय ठाऊक असायला हवी. पण त्या दिवशी ती गाय कुणाच्याही डोळ्यांना आजारी दिसत नव्हती. तिला ताप नव्हता, गाठी नव्हत्या. तिचा आजार फक्त त्या बारीक तुकड्यांना माहीत होता, आणि तुकडे फक्त अनमने मोजले, तेही नंतर. म्हणजे जगातल्या कुठल्याही वैऱ्याला ती गाय निवडता आली नसती. आजार चुकून आला. बदलणाऱ्याला कुणाचं वाईट करायचंच नव्हतं.

मग त्याला काय हवं होतं? कोसाचं रक्त काढायचं नव्हतं, बस. रिपोर्टानंतर डॉक्टरीणबाई दुसरा नमुना मागायला गेल्या तेव्हा मनकर्णाबाईंनी साफ नाही म्हटलं होतं. एकदा काढलं तेवढं पुरे म्हणाल्या होत्या. सगळ्यांना वाटलं म्हातारी रिपोर्टावर रागावली. आणि वेसण नाही, कारण नवी वेसण ओवताना नाकातून रक्त येतं.

ती धावतच देवमनांकडे आली. "काका, आजींनी कोसाचं रक्त न काढायचा नवस केलाय का?"

देवमन खाली बसले. दोन वर्षांमागे कोसाचं शिंग मोडलं तेव्हा रक्त थांबता थांबेना. मनकर्णाबाई पोहरादेवीला पायी गेल्या आणि बोलून आल्या की बैल वाचला तर तीन पोळे याच्या अंगातून रक्ताचा टिपूस काढणार नाही. हा तिसरा पोळा.

"तिनं पदर पसरला माह्यापुढं," ते म्हणाले. "एक नळी तं भरायची होती. मले वाटलं, कोनाचं बी असलं तं काय फरक पडते."

कुठल्या गाईचं काढलं, हे मात्र ते सांगेनात. तसा त्यांनी शब्द दिला होता. अनमने विनवलं, रागावून पाहिलं, शेवटी रडकुंडीला आली. ते जमिनीकडे बघत राहिले आणि तिला कळलं की हा माणूस नोकरी गेली तरी बोलणार नाही.

वाशिमकडे परतताना मालेगावात दुकानासमोर गाडी थांबली. अब्बा एका शेतकऱ्याला जोडीचे गोंडे मोजून देत होते. एक, दोन, तीन, चार. दोन बैल, चार शिंगं, चार गोंडे. अनम ते चार गोंडे बघत उभी राहिली.

कोसाला एकच शिंग होतं.

६

गुरुवारी सकाळी ती डॉक्टरीणबाईंना घेऊन मनकर्णाबाईंच्या घरी गेली. अंगणात हळद वाटून ठेवली होती, लोण्याची वाटी होती, संध्याकाळच्या खांदमळणीची तयारी. म्हातारी पासष्टीची, काटक, कपाळावर गोंदण. त्यांनी दोघींना बसायला घोंगडी टाकली आणि चहाचं विचारलं.

"आजी," अनम म्हणाली, "तुमच्या जोडीले शिंगं तीनच. लाल गोंडे तीन नेले, ते बराबर. हिरवा कोनासाठी नेला?"

मनकर्णाबाईंचा हात चहाच्या डब्यावर थांबला. त्यांची नजर एकदा गोठ्याच्या मागच्या अंगाला, कडब्याच्या गंजीकडे गेली. अनमला तेवढं पुरलं.

गंजीच्या आड, पेंढ्या रचून केलेल्या जागेत, तांबडी गाय उभी होती. पोट खाली आलेलं, दिवस भरत आलेले. गळ्यात हिरवा गोंडा, खुरांशी ताजी राख पसरलेली, समोर गूळ घातलेली सरकी. किती लाडाची होती ते बघूनच कळत होतं. पण सरकी तशीच पडली होती. डॉक्टरीणबाईंनी पुढे होऊन गोंडा वर उचलला आणि मानेवर बोटं फिरवली. मग त्यांनी अनमचा हात धरून तिथे ठेवला. कातडीखाली वाटाण्याएवढ्या गाठी होत्या, पाच-सहा, कडक. ताप एकशे चार.

"कालपासून खाऊन नाई राह्यली," मनकर्णाबाई दारातून म्हणाल्या. "मले वाटलं डास चावले."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गाय त्यांच्या लेकीची, राखीची. राखी धनजला दिली तेव्हा या घरची कालवड, मैना, आंदण म्हणून सोबत गेली. आणि या घराची रीत अशी की आंदणाची गाय पहिल्या वेताला परत माहेरच्या गोठ्यात येते. आजेसासूपासून एकही चुकली नाही. यंदा धनजच्या बाजूला दोन गावांत लंपी निघाली, जनावरांची ने-आण बंद झाली. राखी नको म्हणत होती. पण मैना चांगली होती, खात होती, तिला काही झालेलं दिसत नव्हतं. मनकर्णाबाईंनी टेम्पो सांगितला, गाय कडब्याच्या पेंढ्यांआड उभी केली आणि दोन आठवड्यांमागे, गुरुवारी पहाटे, घरी आणली. दुसऱ्याच दिवशी डॉक्टर नमुन्यांना आले. गाय तेव्हा कोसाच्या शेजारी बांधलेली होती. देवमनांना त्यांनी सांगितलं की हिचं काढा, आणि ही इथं हाय ते कोनाले सांगू नका.

"लेक पयल्या बाळंतपनाले माहेरी येते," त्या म्हणाल्या. "मंग हे काहून नाई? मी चांगल्यासाठीच आनली वं पोरी. माह्या हातानं आनली."

अनमला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. तिला फक्त खूप वाईट वाटलं, आणि भीती होती ती तशीच राहिली. कारण गंजीच्या अलीकडेच, मैनापासून दोन हातांवर, दोन आठवडे पवळ्या बांधलेला होता, कोसाचा जोडीदार. गोठ्यात माश्या घोंघावत होत्या, आणि लंपी माश्याच एका जनावरावरून दुसऱ्यावर नेतात. उद्या हाच पवळ्या आणि कोसा मानाची जोडी म्हणून सगळ्यांच्या पुढे तोरणाखाली जाणार होते, आणि त्यांच्या मागे गावचे अडीचशेहून जास्त बैल.

डॉक्टरीणबाईंनी सुया काढल्या. पवळ्याचं रक्त घेतलं. मैनाचं घेतलं, तिच्या गाठीतलाही नमुना घेतला. मग त्या अवघडल्या. कोसाचे पहिले चार दिवस याच गोठ्यात गेले होते; त्यालाही सोडून चालणार नव्हतं. तिसरा पोळा एका दिवसावर होता.

मनकर्णाबाई उठल्या. कुणी काही विचारायच्या आत त्या शेताच्या वाटेला लागल्या. मागून दोघी. छपरात त्यांनी कोसाचं तोंड दोन्ही हातांत घेतलं, कपाळ त्याच्या कपाळाला टेकवलं आणि बराच वेळ त्याच्याशी हळू बोलत राहिल्या. काय बोलल्या ते अनमला ऐकू आलं नाही. मग त्यांनी मान वळवून धरली.

"काढा," त्या म्हणाल्या. "देवीले मी सांगतो. पायजे तेवढं काढा."

सुई लागली तेव्हा बैल हलला नाही. हलल्या त्या मनकर्णाबाई.

७

शुक्रवारी अनम फटफटताच टेबलाशी बसली आणि साडेबाराला उठली. मैनाच्या गाठीत विषाणू थेटच सापडला. पवळ्याला ताप नव्हता, गाठ नव्हती, सकाळी त्याने दोन पेंढ्या फस्त केल्या होत्या. पण त्याच्या रक्तातले तुकडे वाढले होते. कोसा साफ होता. चुकीच्या रिपोर्टाने त्याला शेतात एकटं बांधलं, आणि बहुतेक त्यानेच तो वाचला. मोठ्या सरांनी कागदावर सही केली, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले की टेबलावर चूक नव्हती. तिला आनंद व्हायला वेळ नव्हता. मालेगावची गाडी एकला होती.

किन्हीराजात बैल धुवून झाले होते. शिंगांना वार्निस, पाठीवर झुली, दारोदार घुंगरांचा आवाज. चावडीसमोर लोक जमले आणि डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला. पुढे जे व्हायचं तेच झालं. लोक म्हणाले की सोमवारी तुम्हीच सांगितलं चूक झाली, आता पुन्हा खरं कसं झालं? वर्षाचा एक सण, तोही कागदानं बंद करायचा? कुणीतरी म्हणालं की ज्याले ताप नाही त्या बैलाले बिमार म्हणणारी ही कुठली नवी विद्या. अनमला वाटलं, हरलो आपण. आता बैल सुटणार.

तेव्हा मनकर्णाबाई पुढे झाल्या. पदर डोक्यावरून नीट घेतला आणि सगळ्या गावासमोर सांगितलं. गाय कुणी आणली, कुठे लपवली, नळीत कुणाचं रक्त गेलं. देवमनांचं नाव घेतलं नाही.

"पवळ्या काल तुमच्यासमोर चरून राह्यला होता," त्या म्हणाल्या. "मैनाबी अशीच चरत होती. मी डोळ्यानं पाह्यलं न् फसलो. तुमी फसू नका. पयला मान माह्या घरचा हाय ना? मंग माह्या जोडीबिगर कोनाची जोडी तोरनाखाली येत नाई. न् माही जोडी येनार नाई."

लोकांनी दौलतसिंगांकडे पाहिलं. बारा वर्षांनी त्यांची वेळ आली होती. ते पुढे झाले असते तर मागे दहा जण निघाले असते. दौलतसिंग उभे राहिले, टोपी सारखी केली.

"मान तिचा हाय," ते म्हणाले. "आपआपल्या दारात पूजा करा."

त्या संध्याकाळी किन्हीराजाच्या वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण बांधलेलं होतं आणि त्याच्याखाली एकही बैल नव्हता. माणसं आपापल्या दारात बैलांच्या कासऱ्याला धरून उभी होती आणि वेशीकडे बघत होती. कोसा शेतात होता, पवळ्या आणि मैना गोठ्यात जाळीआड, औषधाचा धूर चालू. मनकर्णाबाई एकट्या आल्या. हातात कोसाची रिकामी मोरकी होती, तिला लाल गोंडा बांधलेला. तोरणाखाली त्या जोडी उभी करतात तशा थांबल्या, नमस्कार केला, आणि हात वर करून तोरण तोडलं. झडत्या कुणी म्हटल्या नाहीत. पोळा फुटला.

परत जाताना त्या अनमजवळ थांबल्या. त्यांचे डोळे कोरडे होते.

"सारं आधी कळते म्हन्ते तुह्या मशिनीले," त्या म्हणाल्या. "मैना जगन काय? तिच्या पोटातलं?"

अनमला खोटं बोलता आलं असतं. "ते नाई कळत, आजी," ती म्हणाली. "आधी कळते, बस. मंग दवाले टाइम भेटते. पवळ्याले भेटला. मैनाचं मले सांगता येत नाई."

मनकर्णाबाईंनी मान हलवली. मग मोरकी खांद्यावर टाकली आणि मैनाला पाणी पाजायची वेळ झाली म्हणून घराकडे निघाल्या.